गाव गेलं

आमच्या मोबाईल टॉवरच्या नोकरीत टॉवरला कुणी टॉवर म्हणत नाही, साइट म्हणतात, आणि साइट ज्या गावात असेल त्या गावाचंच नाव तिला असतं. लाईट गेली, बॅटरी उतरली, जनरेटर बंद पडला की साइट बंद होते. पण 'अमक्या गावची साइट बंद पडली आहे' एवढं लांबण लावायला वेळ कुणाला आहे? आम्ही म्हणतो, 'गाव गेलं.' पुन्हा चालू झाली की म्हणतो, 'गाव आलं.' लाईट जाते आणि येते, तशी आमची गावं. सांगली जिल्ह्यातली कृष्णाकाठची बरीचशी गावं माझ्याकडं आहेत, आणि ती जाऊ न देणं, गेली तर परत आणणं, एवढ्या कामाचा मला पगार मिळतो. काम मला आवडतं. तोंडानं कुरकुर करतो, पण आवडतं.

घरी मात्र या बोलीचा तमाशा व्हायचा. एकदा बायकोचे काका-काकू जेवायला आले होते. ताटं वाढली आणि माझा फोन वाजला. मी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कधी गेलं? बरं. शेजारचं आहे ना अजून? तेही जाईल तासाभरात, काही करता येणार नाही." फोन ठेवला आणि आमटी वाढायला सांगितली. काका हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघत होते. पावसाळ्याचे दिवस, नदी वाढलेली, आणि जावई गावं वाहून गेल्याची बातमी ऐकून आमटी मागतोय. बायकोनं त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "अहो, ही जीभ एक दिवस तुम्हाला महागात पडणार आहे." मी हसण्यावारी नेलं.

माझं आजोळ माझ्याच यादीत आहे. वाळवा तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मामी एकटी, आणि तिचा एकुलता एक मुलगा फौजेत. त्या गावात दर दोन घरांमागं एक पोरगा फौजेत आहे, त्यामुळं तिथं त्याचं कुणाला नवल नाही. मामेभाऊ तेव्हा उत्तरेला, डोंगरात उंचावरच्या चौकीवर होता. तिथं मोबाईल चालत नाही. सगळ्यांत मिळून एक फोन, आणि प्रत्येकाला पाळीपाळीनं काही मिनिटं. त्याची पाळी रोज संध्याकाळी पाचला. पाच वाजायच्या आधीच मामी ओट्यावर मांडीत मोबाईल घेऊन बसायची. त्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हे सगळ्या आळीला माहीत होतं. एकदा सरपंच मत मागायला नेमके पाचला आले, तर त्यांनाही तिनं बोटानं गप्प करून खांबाला टेकवून उभं ठेवलं होतं.

त्या वर्षीचा पूर आला तेव्हा पहिली खबर मला नेहमीप्रमाणं वडिलांकडून मिळाली. आम्ही मूळचे कराडचे. कोयनेचं पाणी वाढलं की संगमावर आधी दिसतं. वडील रोज फिरायला तिकडंच जातात आणि आल्यावर फोन करून सांगतात, "पाणी पायऱ्या खाऊन वर आलंय, तुमची तयारी करा." तयारी म्हणजे डिझेलचे कॅन भरणं. दोन दिवसांत सांगलीत पेठेतले हळदीचे व्यापारी पोती माडीवर चढवायला लागले. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळं आम्ही खिडकीतून खालच्या रस्त्यावरून फिरणारी होडी बघत काम करत होतो. पाणी आलं की वीजमंडळ मुद्दामच लाईट बंद करतं, नाहीतर माणसं शॉक लागून मरतील. लाईट गेली की साइट बॅटरीवर, बॅटरी उतरली की जनरेटरवर, आणि डिझेल संपलं की खलास. रस्ते पाण्याखाली, म्हणजे डिझेल न्यायचं कुठून? एकामागून एक गावं जायला लागली.

माझ्यासोबत ऑफिसात एकच माणूस उरला होता, आमचा जनरेटरचा मेकॅनिक. तो जतचा. जत म्हणजे याच जिल्ह्याचं दुसरं टोक, पण तिकडं पावसाळ्यातही पाण्याचा टँकर यावा लागतो. हा गडी खिडकीतून खालचं पाणी बघायचा आणि दर थोड्या वेळानं म्हणायचा, "यप्पा, ह्यातलं निम्मं तरी आमच्याकडं पाठवाय पायजे हुतं." मी चिडायचो. माझा स्वभावच तसा, काम अंगावर आलं की मला कुणाचा विनोद चालत नाही. फक्त स्वतःचा चालतो.

आजोळची साइट त्या दिवशी पहाटे गेली होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझ्याकडं तीन फोन चालू होते. एकावर पुण्याची कंट्रोल रूम, एकावर एक तहसीलदार, तिसऱ्यावर डिझेलवाला. चौथा माझा स्वतःचा वाजला. लांबचा, खरखरणारा आवाज.

"दादा, आईचा फोन लागंना. गावाकडं काय हाय?"

मी एका कानावरचा फोन खांद्यात दाबला आणि म्हणालो, "आरं गाव पहाटेच गेलं. आता काय येत नाही ते. पाणी उतरल्यावर बघू."

तो अगदी हळू म्हणाला, "दादा, काय म्हणलास?" आणि लाईन तुटली. पुरात लाईन तुटायचीच, म्हणून मी फोन टेबलावर टाकला आणि तहसीलदारांशी बोलायला लागलो.

बोलून झालं. जतकर हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडंच बघत होता.

"साहेब, तुमचा भाऊ हुता ना त्यो, मिलट्रीतला?"

"हो."

"त्याला काय म्हणालात तुमी?"

मी जे म्हणालो होतो ते मनात पुन्हा म्हणून बघितलं, आणि टेबलावर टाकलेला फोन झडप घालून उचलला. टीव्हीवर दिवसभर आमच्याच भागाचा पूर दाखवत होते. तो तिकडं ते बघत असणार. आणि इकडून त्याचा सख्खा आतेभाऊ, जो असल्या बाबतीत कधी थट्टा करत नाही, त्याला सांगतो की गाव पहाटे गेलं.

आलेल्या नंबरावर उलटा फोन लावला, लागेना. त्या फोनवर बाहेरून फोन जातच नाही, हे मला माहीत होतं, तरी वीसेक वेळा लावला. आता दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. आणि पाचला त्यानं मला फोन केला तरी मी काय सांगणार होतो? मामी सुखरूप आहे? ते मला तरी कुठं माहीत होतं? गावाशी संपर्कच नव्हता. आणि आदल्या दिवशीच्या माझ्या बोलण्यानंतर त्यानं माझ्या शब्दावर विश्वास तरी का ठेवावा? त्याला तिचाच आवाज ऐकू यायला हवा होता. म्हणजे पाचच्या आत ते गाव आणायला हवं होतं. रात्री फोनवर बायकोला सगळं सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणेल आणि आपण तिच्यावर ओरडू, अशी माझी तयारी होती. 'पहाटेचा गजर लावून झोपा,' एवढंच ती म्हणाली, आणि त्याचं मला जास्त लागलं.

सकाळी मी आणि जतकर होडीनं कोरड्यात आलो आणि गाडी काढून लांबच्या वाटेनं, हायवेवरून फिरून, पाण्याच्या कडेपर्यंत पोचलो. सोबत डिझेलचे दोन कॅन आणि एक बॅटरी. पुढं रस्ता सरळ पाण्यात शिरत होता. बचाव पथकाची बोट होती, पण ती माणसं आणत होती. मी त्यांच्या म्होरक्याशी भांडलो. टॉवर चालू झाला तर तुम्हालाच कळेल कुठं माणसं अडकलीत, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी माणसं, मग डिझेल." त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडताना मला फार राग येतो.

आमची हमरीतुमरी जवळच्या गुऱ्हाळाचे मालक ऐकत उभे होते. पांढरी मिशी, डोक्याला टॉवेल. सगळे त्यांना आबा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. आबा म्हणाले, "बोट न्हाई मिळायची. काहील हाय माझी, चालंल का?"

काहील म्हणजे रस आटवून गूळ करतात ती भली मोठी लोखंडी कढई. तीनचार माणसं आत आरामात बसतील एवढी. हंगाम नसल्यानं ती गुऱ्हाळात पालथी पडली होती. आमच्या भागात पुरात काहिलीतून माणसं काढल्याचं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, बसायची वेळ मात्र कधी आली नव्हती. चौघांनी ती पाण्यात लोटली. कॅन ठेवले, बॅटरी ठेवली, आबा लांब बांबू घेऊन उभे राहिले. जतकर कडेलाच थांबला.

"मला पोहता येत न्हाई, साहेब."

"कुठं शिकणार तू?"

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडं पाणी टँकरातनं येतंय. त्यात कोण पोहतंय?"

बोटवाल्यांकडून मागून आणलेलं एकच लाइफ जॅकेट होतं, ते मी त्याला घातलं. मग तो बसला, आणि एकदा बसल्यावर काहिलीची कड त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही.

काहिलीला ना पुढचं टोक, ना मागचं. एका बाजूला बांबू मारला की ती जागच्या जागी गरगर फिरते. सुरुवातीला आम्ही पुढं कमी गेलो आणि गोल जास्त फिरलो. आबांनी मग युक्ती केली. रस्त्याकडेचे विजेचे खांब पाण्याबाहेर होते, तारा बंद होत्या. एका खांबाला हात लावायचा, तिथून दुसऱ्याकडं रेटायचं. धारेपासून लांब, उसाच्या शेतांवरून आम्ही चाललो होतो. उसाचे फक्त शेंडे दिसत होते. काहिलीच्या सांध्यात गेल्या हंगामातली काकवी सुकून राहिली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. जतकर म्हणाला, "बगा, ह्या बी पुरातनंच पळून आल्यात." मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

गाव दिसलं. खालची आळी कौलांपर्यंत पाण्यात होती, आणि मामीचं घर खालच्या आळीत. मी ओट्याची जागा शोधत होतो आणि तिथं फक्त पाणी होतं. आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं असावं. म्हणाले, "सगळी वरच्या शाळंत हायती. कोण माघारी राहिल्यालं न्हाई म्हणत्यात."

म्हणत्यात. त्या एका शब्दावर मी शाळेपर्यंत चढ चढलो.

शाळेच्या व्हरांड्यात तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं, आणि पातेल्याशेजारी हातात उलथनं घेऊन मामी. दोन बायांना ती भातात पाणी जास्त झाल्याबद्दल झापत होती. मला बघितलं, नखशिखान्त चिखलानं भरलेल्या मला, आणि म्हणाली, "ज्येवलास का?"

मला रडू आलं. चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले आणि विचारलं, "मामी, तुझा मोबाईल कुठाय?"

"तांदळात."

मोबाईल पाण्यात पडला होता. पाण्यात पडलेला मोबाईल तांदळात ठेवला की सुकतो, असं कुणीतरी तिला सांगितलेलं. तो तिनं शाळेतल्या तांदळाच्या पोत्यात ठेवला होता. आणि पोतं दोन दिवस सगळ्या गावाला जेवू घालत होतं. आम्ही दोघं कोपरापर्यंत हात घालून पोतं चाचपायला लागलो. मोबाईल तळाशी सापडला. मेलेलाच होता, पण आतलं सिमकार्ड शाबूत असणार. मामीनं पदराची पिन काढून दिली, त्या पिनेनं मी सिम बाहेर काढलं, पुसलं आणि माझ्या मोबाईलमध्ये घातलं. माझ्या फोनला निम्मी बॅटरी होती. ही सगळी धडपड कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती.

साइट शाळेच्या मागच्या माळावर, कोरडी ठणठणीत. डिझेल ओतलं, बॅटरी जोडली, जतकरनं स्टार्टर मारला. इंजिन नुसतं खोकलं. टाकी पार कोरडी होईपर्यंत चालल्यामुळं त्यानं हवा धरली होती. डिझेलच्या इंजिनानं शेताला पाणी देणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन चालत नाही. साडेचार झाले होते. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण पाण्यात भेदरून कडेला चिकटलेला तो माणूस आता अगदी शांत होता. एका हातानं छोटा पंप दाबत होता, दुसऱ्या हाताच्या बोटानं नळीच्या तोंडाशी येणारे बुडबुडे पुसून बघत होता. "अजून हाय," म्हणायचा. पुन्हा पंप. "अजून हाय." मग बुडबुडे थांबले आणि सलग डिझेल आलं. त्यानं नट आवळला, स्टार्टर मारला, आणि इंजिन असं लागलं की माळावरची कुत्री पळाली.

इंजिन लागलं म्हणून साइट लगेच येत नसते. यंत्रं जागी व्हायला वेळ घेतात. मी कपाटातल्या दिव्यांकडं बघत उभा होतो. लाल, लाल, मग एक हिरवा. मग दुसरा. खालून शाळेच्या आवारातून आधी एक मोबाईल वाजला, मग चार, मग मोजता येईनात एवढे. लोकांनी बॅटरी वाचवायला बंद करून ठेवलेले फोन एकमेकांना ओरडून सांगत चालू केले होते. पुण्याहून मला फोन यायला हवा होता 'गाव आलं' म्हणून, पण माझ्या मोबाईलमध्ये मामीचं सिम होतं. त्यामुळं ती शाबासकी जतकरच्या फोनवर गेली.

मी धावत खाली आलो आणि मोबाईल मामीच्या हातात दिला. पाचला पाच कमी होते. ती चुलीपासून उठली, व्हरांड्याच्या पायरीवर बसली, मोबाईल मांडीत ठेवला. बायका आपोआप गप्प झाल्या.

वाजला.

"हं, बोल," मामी म्हणाली. "आरं बोल की. कोण हाय?"

मग तिचा चेहरा बदलला. "का रं? का रडतूस? कोण काय बोललं व्हय तुला?" ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "कोण दादा? ह्यो? ह्यो हितं माझ्यापुढं हुबा हाय की." आणि मला, "काय रं, गाव कुठं गेलं म्हणून सांगितलंस ह्याला?"

मी तिथंच उभा राहून, सगळ्या बायकांच्या देखत, जाणं आणि येणं म्हणजे आमच्याकडं काय ते सांगितलं. मामी फोनमध्ये म्हणाली, "आरं, त्येच्या टावरचं म्हणत हुता त्यो. गाव कुठं जातंय? बुडलंय, पर हाय हितंच. मीबी हाय. भात लागंल खाली, तू आता ह्येच्याशी बोल."

मी फोन घेतला. माफी मागायची म्हणून वाक्य तयार ठेवलं होतं, ते आठवेना.

"दादा," तो म्हणाला, "आलं का गाव?"

"आलं रं."

"परत एकदा म्हण."

"आलं. गाव आलं."

त्यानं एक लांब श्वास घेतला, तो एवढ्या लांबून मला ऐकू आला. मग त्याची पाळी संपली. दिवाळीला तो रजेवर आला तेव्हा त्यानं या गोष्टीचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही, पण जतकरसाठी म्हणून फौजेतला एक गरम स्वेटर माझ्याकडं देऊन गेला. जतला त्याचा काय उपयोग, हे जतकरनं मला आजवर शंभरदा विचारलं असेल. थंडी असो नसो, घालतो मात्र.

आता ऑफिसात मी 'साइट बंद आहे' असं पूर्ण वाक्य बोलतो. नवीन मुलं हसतात, हसू देत. मामीचं घर पाणी उतरल्यावर पुन्हा उभं राहिलं, ओटाही झाला. आमची बोली मात्र मी सोडली आणि मामीनं धरली. पावसाळ्यात कधी लाईट जाते आणि आमची साइट बंद पडते. मग शेजारणीच्या दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवरून दुपारी तिचा फोन येतो. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. "गाव गेलंय रं," म्हणते. "पाचच्या आत आण." आणि मी डिझेलचे कॅन गाडीत टाकायला सांगतो.